खाटेवरून दिसणारी बाग

इंग्लंडच्या दक्षिण भागातील सॅलिसबरी या गावी येणारा प्रवासी बहुधा दोनच गोष्टींसाठी येतो. कॅथेड्रलचा १२३ मीटर उंच मनोरा पाहावा आणि तेथून स्टोनहेंजच्या शिलावर्तुळाकडे वळावे. गावाच्या दक्षिणेस ओडस्टॉकच्या बाजूला जिल्हा रुग्णालय आहे. तिकडे हौसेने कोणी जात नाही. तेथील एका विभागात पाठीच्या कण्याला इजा झालेले रुग्ण राहतात. कोणी घोड्यावरून पडलेला, कोणी मोटारीच्या अपघातात सापडलेला. आठवडे नव्हे, महिनोन्‌महिने त्यांचा मुक्काम असतो, आणि त्यांतील पहिला काळ बहुतेकांनी छताकडे पाहतच काढलेला असतो.

या विभागाला लागून होरॅशियोची बाग आहे.

होरॅशियो चॅपल हा शाळकरी मुलगा. वडील त्याच रुग्णालयात कण्याचे शल्यचिकित्सक. सुटीत हा मुलगा तेथे स्वयंसेवक म्हणून जाई. रुग्णांना बाहेर बसायला धड जागा नाही, हे त्याच्या ध्यानात आले. ‘बाग करू या’ एवढे म्हणून तो थांबला नाही. त्याने एक प्रश्नावली तयार केली आणि तुम्हाला काय हवे, हे रुग्णांनाच विचारले. मोठमोठ्या इमारतींच्या आराखड्यांत नेमका हाच प्रश्न विचारायचा राहून जातो. ऑगस्ट २०११ मध्ये स्वालबार्ड येथील एका मोहिमेत ध्रुवीय अस्वलाच्या हल्ल्यात त्याचा मृत्यू झाला. वय अवघे सतरा. त्याच्या स्मरणार्थ देणग्या येऊ लागल्या, आई ऑलिव्हिया यांनी धुरा घेतली, आणि २०१२ साली क्लीव्ह वेस्ट यांनी रेखाटलेली बाग खुली झाली.

प्रथमदर्शनी ती इतर सुंदर बागांसारखीच वाटते. दगडी बुटक्या भिंती वळणे घेत जातात. त्यांच्या आकारात पाठीच्या कण्याची खूण आहे. सफरचंदाच्या फांद्यांच्या कमानी आहेत. पण या बागेचे मर्म फुलांपेक्षा पायवाटेत अधिक आहे. कण्याची इजा झालेल्या माणसाला फरशीच्या सांध्यावरचा लहानसा हादराही सोसत नाही. त्यातून वेदना उठते, स्नायू आखडतात. म्हणून वाट सलग आणि गुळगुळीत हवी, आणि चाकांची खुर्चीच नव्हे, तर अख्खी खाट तीवरून जाईल इतकी रुंद हवी. वीस फुटांत एक फुटाहून अधिक चढ आला, की तो इंग्लंडच्या नियमांत उतरंड मानला जातो आणि दुर्बल हातांना तो पुरे दमवतो. इजा वरच्या भागात असेल तर शरीराला घाम आणणे वा ऊब राखणेही नीट साधत नाही. अशा माणसाला सावली आणि आडोसा ही चैन नसते. आणि निजलेल्याची नजर जमिनीवर नसते. त्याच्यासाठी बाग म्हणजे वरची पाने, आकाश आणि कुशीच्या उंचीला येणारी झाडे. उभ्या माणसाने उभ्या माणसासाठी आखलेली बाग त्याला दिसतच नाही.

जैन वाचकाला येथे एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहणार नाही. वनस्पतिकाय जीव हा एकेंद्रिय. त्याला स्पर्श तेवढा आहे. आणि या बागेत येणाऱ्या पंचेंद्रिय माणसाचा नेमका स्पर्शच कमरेखाली वा मानेखाली हरवलेला असतो.

रुग्ण असलेल्या जागी काम करणे ही स्वतंत्र कसोटी आहे. रुग्णालय बंद ठेवता येत नाही. अशक्त फुप्फुसांजवळ धूळ उडवता येत नाही, रुग्णवाहिकेची वाट अडवता येत नाही, आणि जमिनीखाली कोणत्या नळ्या व तारा गेल्या आहेत हे पाहिल्याशिवाय कुदळ घालता येत नाही. वाट्याला येते ती बहुधा दोन इमारतींमधली उरलेली जागा.

या पैशात चार खाटा वाढल्या असत्या, हा आक्षेप कोठेही निघतोच, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. रॉजर उल्रिच यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले निरीक्षण त्यासाठी पाहावे. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी जोडीजोडीने तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा सरासरी लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान होता. तरी झाडाला शोभेची वस्तू म्हणणे त्यानंतर अवघड झाले.

सॅलिसबरीनंतर ग्लासगोत आणि मग स्टोक मँडव्हिल येथे अशा बागा झाल्या. स्टोक मँडव्हिलला याच कामाचा जुना वारसा आहे. नाझी राजवटीतून निसटलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून तेथे कण्याच्या रुग्णांचा विभाग चालवला आणि २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, १६ रुग्णांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचे मूळ ते. ब्रिटनमधील अशा सर्व अकरा केंद्रांत बाग व्हावी, हा होरॅशियोच्या नावाच्या संस्थेचा संकल्प आहे.

औषधदानाची परंपरा जपणाऱ्या आपल्या समाजाचे दवाखाने गावोगावी आहेत. त्यांच्या आवारात बहुधा एखादा निंब वा अशोक असतोच. मात्र वॉर्डाच्या दारातून त्या झाडापर्यंत पोहोचायला मध्ये दोन पायऱ्या असतात, त्यापुढे उखडलेली शहाबादी फरशी, आणि बुंध्याशी लावलेल्या दुचाक्या. सॅलिसबरीत वॉर्डाचे दार उघडले, की खाट तशीच बाहेर सरकते. उंबरठा लागत नाही.