खोडरबर

मुलाने स्वतः जुळवलेला संगणक. तो पुण्याला गेला आणि त्याला न विचारताच मी त्यात ८ जीबीची नवी रॅम बसवली. पंखा फिरला, दिवा लागला. पडदा मात्र काळाच! फोन करावा, तर बापपण आडवे येई.

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. दिवाळीसाठी चिंचेने तांब्या घासता घासता ही म्हणाली, "तुमच्या पेटीतही मळ साचला असेल. विचारा की त्याला!"

विचारले.

"बाबा, आधी वीज बंद करा. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसा, खट्ट आवाज होईपर्यंत दाबा."

पडदा उजळला. जन्मभर मी दुसऱ्यांच्या चुका खोडल्या. माझी खोडायला मुलगा लागला!