भित्तिपत्रकाची किल्ली

आमच्या महाविद्यालयाच्या जिन्याखाली, ग्रंथालयाच्या दाराशी, सागवानी चौकटीची आणि सरकत्या काचेची एक उथळ पेटी भिंतीला जडविलेली होती, आणि तिची पितळी किल्ली सुतळीत ओवून मी जवळजवळ तीस वर्षे माझ्या टेबलाच्या वरच्या खणात सांभाळली. या पेटीलाच आम्ही भित्तिपत्रक म्हणत असू. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जुने कागद उतरवावयाचे, टाचण्या मोजून डबीत ठेवावयाच्या, विद्यार्थ्यांनी स्वहस्ते उतरविलेले लेख आणि कविता रंगीत कार्डशीटवर लावावयाच्या आणि काच सरकवून कुलूप घालावयाचे, असा शिरस्ता होता. प्रवरेच्या खोऱ्यातील एका तालुक्याच्या गावी मराठीचा अध्यापक म्हणून माझी सारी नोकरी झाली. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी माझ्या पिढीच्या तोंडी अजून ‘नगर’च येते, म्हणून तसेच लिहितो.

महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात ‘विद्यार्थ्यांच्या लेखनगुणांस भरपूर वाव’ असे एक वाक्य दरवर्षी छापले जाई, आणि वाव म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला पहिल्याच वर्षी पडला. कारण वाङ्मय मंडळाचे उद्घाटन, पाहुण्यांचे भाषण, शाल-श्रीफळ आणि आभारप्रदर्शन हे सारे यथासांग पार पडल्यावरही, ज्याच्या पिशवीत कवितांची वही दडलेली आहे असा मुलगा शेवटच्या रांगेतून जसा आला तसाच उठून आपली एस.टी. गाठावयास निघून जातो, हे मी डोळ्यांनी पाहत होतो. त्याला व्यासपीठाच्याही आधी हवी असते ती एक तारीख. ‘साहित्य स्वीकारण्याची अखेरची मुदत’ अशी चार शब्दांची सूचना फलकावर लागली, की दोन-दोन वर्षे वहीत निजून राहिलेली कथा एका आठवड्यात जागी होते, असा माझा अनुभव आहे. आणि तारखेपाठोपाठ हवा असतो तो ऐकणारा. स्तुती करणारा नव्हे, पारितोषिक देणारा नव्हे, तर शेवटपर्यंत बसून ऐकणारा एक मनुष्य. लेखनाची संधी म्हणतात ती याहून फारशी निराळी असते असे मला वाटत नाही.

मोठे समारंभ निरर्थक असतात, असे मात्र मी म्हणणार नाही. १९९७ साली ना. सं. इनामदारांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नगरला भरले, तेव्हा ज्यांची नावे पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावरच पाहिली ती माणसे हाडामांसाची असतात आणि मांडवात घामाघूम होतात, याचे नवल आमच्या मुलांना कितीतरी दिवस पुरले. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, होणारे काव्यवाचनही मी कधी चुकविले नाही. परंतु समारंभ वर्षातून एकदा येतो आणि लिहिणाऱ्याची निकड आठवड्याची असते. म्हणून शनिवारी दुपारी, तास संपल्यावर, अकरा नंबरच्या खोलीत आमची बैठक भरू लागली.

त्या बैठकीचा एक नियम मी पुढे कधीही बदलला नाही. लिहिणाऱ्याने स्वतः वाचावयाचे नाही, त्याचा कागद दुसऱ्याने वाचावयाचा, आणि वाचणारा जेथे अडखळेल तेथे लिहिणाऱ्याने आपल्या प्रतीवर मुकाट्याने पेन्सिलीची एक उभी रेघ ओढावयाची. स्वतः वाचणारा आपल्या आवाजाने वाक्याचे खड्डे बुजवितो; परका वाचक त्या खड्ड्यात पडतो, आणि खड्डा कोठे आहे ते सर्वांना कळते. वाचन संपले की रेघा मोजावयाच्या. मग त्या प्रत्येक रेघेशी काय झाले, विभक्ती चुकली, क्रियापद फार दूर गेले, की जो शब्द लिहिणाऱ्याच्या घरात कोणी कधी उच्चारला नाही असा एखादा भरजरी शब्द तेथे येऊन बसला, याचा शोध घ्यावयाचा. दहांपैकी सात वेळा दोष त्या भरजरी शब्दाचा निघे. मी स्वतः संस्कृतोद्भव शब्दांत वाढलेला आणि त्यांवर मनापासून प्रेम करणारा मनुष्य आहे. परंतु जो शब्द माझ्या घरचा आहे तो माझ्या विद्यार्थ्याच्या घरी पाहुणा असू शकतो, हे मला त्या पेन्सिलीच्या रेघांनी शिकविले.

वर्षातून एकदा आम्ही नेवाशाला जात असू. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे मानतात तो खांब, पैसाचा खांब, तेथे आहे, आणि दुर्गा भागवतांच्या ‘पैस’ या लेखसंग्रहाने तो आमच्या पिढीच्या वाचकांना नव्याने दाखविला. मुले खांबाला हात लावीत, डोके टेकीत. मी त्यांना एवढेच सुचवी, की ज्ञानेश्वरांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले, तेव्हा मराठीतील हा सर्वांत मोठा ग्रंथ प्रथम कोणाच्या तरी कानांवर पडला आणि मागाहून कागदावर गेला. ओवी वाचताना पाहा, श्रोत्यांना उद्देशून केलेली विनवणी, त्यांची मनधरणी, त्यांच्या अवधानाची याचना कितीदा येते. समोर गुरू बसले होते, संतमंडळी बसली होती. मोकळ्या मैदानाला उद्देशून हे बोलणे झाले नाही.

आणि समोर कोणीच नसेल तर? याचेही उत्तर आमच्याच जिल्ह्यात सापडते. १९४२ च्या ऑगस्टात नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झालेल्या नेत्यांपैकी पंडित नेहरूंनी तेथे १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु मला अधिक ओढ वाटत आली ती त्याच किल्ल्यात मौलाना आझादांनी लिहिलेल्या ‘गुबार-ए-खातिर’ची. एका स्नेह्याला उद्देशून पहाटे चहाचा पेला जवळ घेऊन लिहिलेली ही पत्रे. ती टपालात पडणार नाहीत हे लिहिणाऱ्याला पुरते माहीत होते, तरीही प्रत्येक पत्राला मायना आहे. कैदेतल्या मनुष्याने ऐकणारा कल्पनेने निर्माण केला आणि त्याच्याशी मनसोक्त बोलून घेतले. अकोले तालुक्यातील धामणगावात जन्मलेल्या दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, त्याची घडण पाहिली तरी तेच: दगडू मारुती पवार हा दया पवार या सुशिक्षित मनुष्याला आपली कहाणी सांगतो. दोघेही एकच, पण जे कोणालाच सांगता येत नव्हते ते सांगावयास स्वतःच्याच देहातून एक श्रोता वेगळा काढावा लागला. मुलांना मी हे पुस्तक देताना प्रस्तावना करीत नसे. हातात ठेवी आणि पुढल्या शनिवारची वाट पाही.

राहुरी तालुक्यातील ताहराबादच्या महिपतींची गोष्ट मात्र मी थोड्या निराळ्या हेतूने सांगे. १७६२ साली ‘भक्तविजय’ लिहिणारे महिपती गावचे कुलकर्णी होते. पूजेला बसले असता कचेरीचे बोलावणे आले, जावे लागले, आणि परत येऊन त्यांनी ही लेखणी यापुढे देवाच्या आणि संतांच्या चरित्रापुरतीच, चाकरीसाठी नाही, अशी शपथ वाहिली, अशी आख्यायिका आहे. ती शपथ वंदनीय आहे. तरीही मला सतत वाटत आले, की दप्तर लिहिता-लिहिता नेमके नाव, नेमके ठिकाण, कोणी कोणास काय दिले, हे टिपण्याची जी सवय हाताला लागली असेल, तिचा त्या संतचरित्रांना उपयोगच झाला असेल. आमची खेड्यातली मुले गावच्या लोकांचे अर्ज लिहून देत. विहिरीचा, रस्त्याचा, रेशनकार्डाचा. ज्याचा अर्ज स्वच्छ, त्याचे ललित लेखनही बहुधा स्वच्छ निघे. म्हणून मी बैठकीत अर्जही वाचावयास लावी.

आता ज्या एका लेखासाठी हे सारे लिहावयास बसलो त्याकडे वळतो. पाथर्डीकडची एक मुलगी आमच्या वसतिगृहात राहून शिकत होती. सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरानगरला १९५० च्या सुमारास घातला गेला आणि आमच्या खोऱ्याचे रूप पालटले. त्या उसाच्या तोडीला दसऱ्यानंतर पाथर्डी-शेवगावकडून टोळ्या येतात, त्यांत हिची आई येई. मुलीने पहिला मसुदा आणला त्याचे शीर्षक होते ‘ऊसतोड कामगार : एक ज्वलंत समस्या’, आणि पहिल्याच परिच्छेदात अठराविश्वे दारिद्र्य, उपेक्षित घटक आणि समाजाची जबाबदारी, असे सगळे शब्द हजेरी लावून गेले होते. वाचणारा मुलगा नऊ वेळा अडखळला. तिने नऊ रेघा ओढल्या आणि मान खाली घातली.

मी विचारले, “तुझ्या आईच्या हातातला कोयता कसा आहे?”

ती म्हणाली, “धार लावून-लावून पातं अर्धं झालंय, सर. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीय, घामानं निसटू नये म्हणून.” आणि मग क्षणभर थांबून, “पण मुकादमाच्या वहीत आईच अर्धा कोयता आहे. जोडप्याला एक कोयता म्हणतात. बाप गेल्यापासून आई अर्धी.”

खोलीत कोणी हलले नाही. मी तिला म्हटले, “आत्ता बोललीस तेवढेच लिहून आण.”

पंधरा दिवसांनी ‘अर्धा कोयता’ आला. त्यात मुकादमाने दिलेली उचल होती, पहाटे तीनला कोपीत पेटणारी चूल होती, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पायाच्या अंगठ्याने फळी कशी धरावी लागते ते होते, आणि संध्याकाळी वाढे विकून आलेल्या पैशांतून आईने आणलेली वही होती, जिच्यावर हा लेख लिहिला जात होता. एक वाक्य मला विशेष आवडले: लहानपणी आपल्याला फडाच्या कडेला पाचटाच्या ढिगावर निजवून आई तोडीला जाई, असे ते होते. मी त्याखाली लाल रेघ मारून समासात ‘उत्तम’ असे लिहिले. लेख तिने सुवाच्य अक्षरात दोन मोठ्या कार्डशीटवर उतरविला आणि जानेवारीच्या पहिल्या सोमवारी तो काचेमागे गेला.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी, कारखान्यात काही बिघाड होऊन तोड थांबलेली असताना, ती आईला घेऊन आली. पदर डोक्यावरून घेतलेल्या, पायांत प्लॅस्टिकच्या चपला घातलेल्या त्या बाईंना मी बसावयास खुर्ची आणविली. त्या बसल्या नाहीत. वाचता येत नव्हते म्हणून मुलीने काचेसमोर उभी राहून अथपासून वाचावयास सुरुवात केली, आणि आई काचेवर तळवा ठेवून, जणू कागदातून काही ऊब लागते आहे अशा रीतीने, ऐकत राहिल्या. अर्ध्या कोयत्याचे आले तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. पाचटाचे वाक्य आले तेव्हा मात्र त्यांनी मुलीचा दंड धरला.

“पाचाटावर? पाचाटात इच्चू-काटा असतोय. तिथं कोण निजवीन लेकराला? गाडीखाली झोळी बांधली व्हती तुझी. माझ्या लुगड्याची.”

मुलीने माझ्याकडे पाहिले. ज्या वाक्याला मी उत्तम म्हटले होते ते खोटे होते; ऐकणाऱ्याला कळवळा यावा म्हणून तिने ते घातले होते आणि तो कळवळा मला आला होता. शनिवारच्या बैठकीत कोणीही त्या जागी अडखळले नव्हते, कारण तिथल्या कोणालाच लेकरू कोठे निजवितात हे ठाऊक नव्हते.

मी खोलीत जाऊन किल्ली आणली आणि तिच्या हातात दिली. तिने कुलूप काढले, काच सरकविली, आणि कागद न उतरविता, उभ्या-उभ्याच, त्या सुरेख अक्षरातील पाचटाच्या ढिगावर आडवी काट मारून वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरांत लिहिले: गाडीखाली, आईच्या लुगड्याच्या झोळीत. शाई वाळेपर्यंत आई त्या काट मारलेल्या ओळीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या,

“हां. आता म्होरं वाच.”