वरातीचा घोडा

नकार देण्याचीसुद्धा एक रीत असते. जुने घरमालक 'जागा नाही' म्हणताना निदान पाण्याचा तांब्या तरी पुढं करीत. कॉम्प्युटरला ही रीत कुणी शिकवलेली दिसत नाही. 'हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही,' एवढं एकच वाक्य तो पडद्यावर लिहितो आणि स्वस्थ बसतो. का चालत नाही, हे विचारायची सोय नाही!

एरवी अशा नकारापुढं मी मुकाट्यानं मान तुकवली असती. पण या खेपेला प्रश्न आजीच्या ओव्यांचा होता. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९८ साली आजीला शेजारी बसवून तिच्या जात्यावरच्या ओव्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. आजी गेली, मागाहून अण्णाही गेले. फाइल तेवढी राहिली. ती उघडावी, तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता पाचोळा! त्या काळच्या पुष्कळ मराठी प्रोग्रॅमांत रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरीची वळणं बसवलेली असत. तो प्रोग्रॅम नसला की सारं गूढच. आणि ८४ वर्षांची आत्या दर दिवाळीला विचारायची, "अरे, आईच्या ओव्या सापडल्या का रे?"

तो जुना प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरवून घेतला, तेव्हाच हा नकार पदरी पडला. वैद्य आधी जीभ पाहतो, मग नाडी. तसं एकेक करून पाहणं आलं. फाइल अर्धवट उतरली तरी हेच वाक्य येऊ शकतं. म्हणून एसएचए-२५६ या रीतीनं निघणारी तिची ६४ अक्षरी खूण संकेतस्थळावरच्या खुणेशी ताडून पाहिली. जुळली. व्हायरस शोधला, नव्हता. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊन पाहिले, विंडोज एक्सपीचं सोंग घ्यायला लावलं. उत्तर तेच.

मग खरं कारण हाती लागलं, आणि ते मोठं गमतीचं होतं. प्रोग्रॅम होता ३२ बिटांचा, म्हणजे आजही चालण्याजोगा. पण त्याला घरात आणून बसवणारा इन्स्टॉलर होता १६ बिटांचा. विंडोज ९५ च्या दिवसांत कितीतरी इन्स्टॉलर असेच करीत, विंडोज ३.१ च्या यंत्रावरही ते निदान उघडावेत, हा हेतू. आजची ६४ बिटांची विंडोज मात्र १६ बिटांचं काही चालवून घेत नाही. नवरदेव धडधाकट, अडला होता तो वरातीचा घोडा!

यावर एक तोड आहे. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात मांडलेला दुसरा कॉम्प्युटर. कपाटात अण्णांची ३२ बिटांच्या विंडोज एक्सपीची सीडी होती. तिची देखभाल मायक्रोसॉफ्टनं २०१४ सालीच थांबवलेली. म्हणून त्या आतल्या घराला इंटरनेटचा दरवाजा ठेवला नाही. तिथं तोच इन्स्टॉलर निमूटपणे चालला. फाइल उघडली, आणि पाचोळ्याला पालवी फुटावी तशी अक्षरं उमटली.

गेल्या भाऊबीजेला त्या ओव्या छापून आत्याच्या हाती दिल्या. चष्मा लावून ती म्हणू लागली, आणि चौथ्या ओवीवर थांबली. "अण्णानं इथं एक शब्द खाल्लाय," असं म्हणून तिनं तो शब्द सुरावर म्हणून दाखवला. फाइलीत तो कुठंच नव्हता.

आता मी त्या ओव्या युनिकोडमध्ये नव्यानं लिहून काढतो आहे. आत्या शेजारी बसून शब्द सांगते. फाइल वाचली, हे बरं झालं; आत्या आहे तोवर वाचली, हे त्याहून बरं झालं.