चाळीसगावचा टांगा

आमच्या सोलापुरात, गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या वस्त्यांत, कुणाला अपघात झाला की आयाबाया दाराशी बसून एकच हिशेब मांडतात. पाळी बदलली नसती तर? पाहुणे आले नसते तर? अखेर सगळा हिशेब 'नशीब' या शब्दापाशी येऊन थांबतो. अशा वेळी आम्हाला परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्यातील चाळीसगावची घटना आठवते.

साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. काम आटोपून मुंबईकडे निघाले असता, एका गावातील सामाजिक बहिष्काराची माहिती घेण्यासाठी ते चाळीसगावला उतरले. धुळ्याच्या गाडीने त्या गावी जाऊन यायचे आणि तडक मुंबई गाठायची, असा बेत होता. पण स्टेशनवर जमलेल्या समाजबांधवांनी रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह धरला. त्यांचे मन बाबासाहेबांना मोडवले नाही. बेत बदलला.

त्या गावाहून ते परतले. महारवाडा स्टेशनपासून दोनएक मैल, नदीपलीकडे. पायी जाता आले असते. पण आपल्या साहेबांनी पायी चालावे हे लोकांना रुचेना. टांगा पाहू लागले, तर अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नाही. शेवटी तोड निघाली : टांगा भाड्याने न्या, हाकणारा तुमचा आणा. हा आपल्या लोकांचा धंदा नव्हे. तरी एकाने 'त्यात काय एवढे' म्हणून लगाम हाती घेतला. तासभर ताटकळलेल्या बाबासाहेबांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

दोनशे पावले गेला नाही तोच टांगा मोटारीवर आदळता आदळता वाचला, तोही पोलीस ओरडला म्हणून. पुढे नदीवरची फरशी. तिला कठडा नाही, नुसते अंतराअंतरावर रोवलेले दगड. वळणावर घोडा उधळला, चाक दगडावर आपटले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. घोडा आणि टांगा नदीत कोसळले. बेशुद्ध बाबासाहेबांना उचलून महारवाड्यात नेले तेव्हा बायापोरांनी आकांत केला. पायाचे हाड मोडले होते.

मुक्कामाचा आग्रह मायेचा, टांग्याचा हट्ट मानाचा. हे निर्णय त्या दिवशीचे. टांगेवाल्याचा नकार मात्र पिढ्यान्‌पिढ्या आधीच ठरलेला होता. बाबासाहेबांनी नशिबाला बोल लावला नाही. त्यांनी चौकशी केली आणि पुढे सारे लिहून ठेवले. साधा टांगेवालाही बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजतो, हे त्यांनी लिहिले. आणि मानापेक्षा जिवाची सुरक्षितता मोठी, हे आपली माणसे विसरली, तेही त्यांनी झाकून ठेवले नाही.

आमच्या शेजारच्या मावशींचा मुलगा यंत्रमागावर होता. घरी कार्य निघाले म्हणून मावशींनीच त्याला पाळी बदलून घ्यायला सांगितले. त्या पाळीत धोटा उडाला आणि पोराचा डोळा गेला. "मीच धाडलं की रं त्याला," म्हणत मावशी महिनोन्‌महिने झुरत राहिल्या. लोक नशिबाचे नाव घेऊन समजूत घालीत. विहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला बसणाऱ्या एका आजींनी मात्र विचारले, "मागाला धोटा अडवायची जाळी हुती का?"

नव्हती.

"मग बाई, पाळी कुणाचीबी असती, तरी कुणाच्या तरी लेकराचा डोळा जाणारच हुता. तुझा काय दोष?"

त्या रात्री मावशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या.

कारणाशिवाय काही घडत नाही, ही भगवान बुद्धांची शिकवण आम्हाला त्या आजींनी अशी उलगडून दाखवली. पाळी कधी बदलेल, पाहुणा कधी येईल, हे कुणाच्या हाती नाही. फरशीला कठडा आहे की नाही, मागाला जाळी आहे की नाही, लगाम शिकलेल्या हाती आहे की नाही, हे आधी पाहता येते. नसेल तर मालकाला चारचौघांनी मिळून विचारता येते. अपघाताची नोंद करून घेता येते, भरपाई मागता येते. नशीब म्हटले की हे सगळे प्रश्न विझतात आणि घरातली आई तेवढी जळत राहते.