जामीन झाल्यानंतरचे दिवस

तुरुंगात अभ्यासासाठी मुलाखत घ्यायला बसलं की पहिला प्रश्न समोरचाच विचारतो. "ताई, माझी पुढची तारीख कधीये?" मी वकील नाही, कोर्टाकडूनही आलेली नाही, हे सांगितलं तरी तो वाट बघतो. मोबाइल गेटवर जमा केलेला असतो. मग केस नंबर वहीत उतरवून घ्यायचा आणि पुढच्या फेरीला तारीख सांगायची. प्रश्नावलीत हे बसत नाही. पण ते न करता आपली प्रश्नावली पुढे रेटणं मला निलाजरेपणाचं वाटतं.

गुन्ह्याबद्दल मी विचारतच नाही. अभ्यासात नव्याने आलेल्या मुलामुलींना याचं नवल वाटतं. पण खटला चालू आहे, आणि माझ्या वहीला वकिलाच्या कागदांसारखं कायद्याचं संरक्षण नाही. शिवाय दाराशी शिपाई उभा असताना घेतलेली संमतीची सही कितपत खरी मानायची? म्हणून सही झाल्यावरही सांगते, "नको वाटलं तर उठून जा." एखादा खरंच उठून जातो. त्या दिवशीच्या बाकीच्या उत्तरांवर माझा जरा जास्त विश्वास बसतो.

सल्ला मागणाऱ्या खात्यांना आकडा पहिल्या पानावर हवा असतो. तो आहेच. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते, त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी. दर चारांत तीन. मात्र या ढिगात तपास चालू असलेला, जामीन नाकारलेला आणि जामीन मिळूनही आत राहिलेला, सगळे एकत्र पडलेले असतात. मला त्यातला तिसरा शोधायचा असतो.

तो असा बोलतो: "जामीन झालाय मॅडम, जामीनदार नाही." नाक्यावरचा बिगारी. रेशन कार्ड गावाला, खोली भाड्याची आणि करारनामा नाही, भाऊ दुसऱ्या राज्यात सेंट्रिंगच्या कामावर. कोर्टाला हवा पक्का पत्ता, पगाराची स्लिप आणि रोजगार बुडवून दिवसभर बाकावर बसणारा माणूस. तसा माणूस ओळखीत असता तर हा कदाचित आत आलाच नसता.

जामीन मिळूनही किती दिवस आत गेले, याचा हिशेब लावणं कंटाळवाणं काम आहे. जामिनाचा हुकूम कोर्टाच्या रोजनाम्यात, सुटकेची तारीख तुरुंगाच्या रजिस्टरमध्ये. एकाच माणसाचं नाव इकडे एक, तिकडे दुसरं. कधी आडनावच गायब. वडिलांचं नाव, पोलीस ठाणं आणि गुन्हा नंबर जुळवत बसायचं. पण दोन तारखा शेजारी आल्या की मधले दिवस कुणाला नाकारता येत नाहीत.

गरिबाला जामीनदार मिळत नाही, हे आपल्याकडे न्यायालयांनी ओळखलंय. १९७८ साली मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाचा जामीन तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. त्याआधी, १९६१ मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये कायद्याचे विद्यार्थी अटक झालेल्यांना पत्ता, नोकरी, कुटुंब विचारून गुण देत आणि शिफारशीचा कागद न्यायाधीशापुढे ठेवत. पैसे न भरता सुटलेले बहुतेक लोक तारखेला हजर राहिले. संशोधन आणि सल्ला इतके जवळ आलेले मी क्वचितच पाहिले आहेत. आमचे अहवाल बहुधा कपाटात राहतात.

३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजना आणली. तेव्हाच्या नियमांनुसार कच्च्या कैद्याला चाळीस हजारांपर्यंत मदत मिळू शकत होती. आतल्या माणसाला मात्र यातलं काही ठाऊक नसतं, आणि पुष्कळदा जामीन झाल्याचंही उशिरा कळतं.

तुरुंगावर अभ्यास करणाऱ्यांना आणि त्यासाठी पैसे देणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: तक्त्यात 'कच्चे कैदी' हा एकच रकाना ठेवू नका. जामीन कधी झाला आणि दार कधी उघडलं, या दोन्ही तारखा मागा.