'अब्दुल यांनी' असं लिहू नये

गेली काही वर्षं मी एका सामूहिक संगीतकोशात लेख लिहिते. विकिपीडियासारखाच खुला कोश, त्याच सॉफ्टवेअरवर चालणारा, फक्त संगीतापुरता आणि मराठीत. कुणीही यावं, खातं उघडावं, लिहावं. येतात पुष्कळ, टिकतात थोडे. नेमाने काम करणारे आम्ही दहा-बाराजण असू. त्यात सोलापूरकडचे एक निवृत्त शिक्षक आहेत, पुण्यात संगीत शिकणारी एक मुलगी आहे, आणि एक बँकेतले गृहस्थ, ज्यांना स्वल्पविरामाची चूक झोपू देत नाही.

लोकांना वाटतं, असा कोश म्हणजे माहिती गोळा करून टाकायची. पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. पन्नास जणांनी पन्नास तऱ्हांनी लिहिलेले लेख एकाच घरातले वाटले पाहिजेत. शीर्षक कसं द्यायचं, पहिल्या वाक्यात काय यायला हवं, उजवीकडच्या माहितीचौकटीत कुठले रकाने ठेवायचे, 'पंडित' आणि 'उस्ताद' ठेवायचे की काढायचे. या सगळ्याचं एक पान आहे, त्याला आम्ही 'लेखनसंकेत' म्हणतो. वाचायला अगदी रुक्ष. पण रागांच्या लेखांवर झाला नसेल इतका वाद या पानाच्या चर्चेत झालाय, आणि त्यातला निम्मा तरी आपल्या नावांवरून.

सुरुवात साध्या शुद्धलेखनापासून झाली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ घ्या. जुन्या मराठी पुस्तकांत ते 'अब्दुल करीमखाँ' असे जोडून छापलेले. वर्तमानपत्रांत 'खान'. हिंदीवरून उतरवलेल्या लेखांत ख खाली नुक्ता घेऊन येतात. कुणी 'खां' लिहितं, कुणी 'खाँसाहेब' शीर्षकातच घालतं. एकाच माणसावर आमच्याकडे तीन लेख सापडले आणि तिन्हींत वेगवेगळी माहिती. हे एकत्र करायला बसलो तेव्हा ठरलं: गायक-वादकांच्या परंपरेत 'खाँ' हेच मराठीत रुळलेलं रूप, ते सुटं लिहायचं, बाकी सगळी रूपं पुनर्निर्देशन म्हणून ठेवायची. म्हणजे वाचक कुठल्याही दारानं आला तरी घर एकच. बिरुदं शीर्षकातून सगळ्यांची काढली. उस्ताद गेले, पंडित गेले, विदुषी गेल्या, शाहीरही गेले. सोलापूरच्या सरांना हे जड गेलं. म्हणाले, "ताई, भीमसेनजींच्या नावामागे पंडित नाही म्हणजे डोक्यावर टोपी नसल्यासारखं वाटतं." वाटतं खरं. पण बिरुद एकदा ठेवलं की कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे ठरवत बसावं लागतं, आणि ते ठरवणारे आम्ही कोण?

मग आला वर्णानुक्रम. विकीमध्ये एखाद्या वर्गात, म्हणजे 'हिंदुस्थानी गायक' अशा यादीत, नावं आडनावाप्रमाणे लागतात. केरकर 'क'मध्ये, जोशी 'ज'मध्ये, मन्सूर 'म'मध्ये. छान. आणि 'ख' उघडला की आपली सगळी मंडळी एकावर एक. अमीर, अल्लादिया, फैयाज, बडे गुलाम अली, विलायत, विलायत हुसेन. त्यांचं आडनाव एक म्हणून ते एका कुळाचे होत नाहीत. 'खाँ' हे इथे जोशी-केरकरांसारखं आडनाव नाही, निम्मं बिरुदच आहे. तेव्हा नियम केला की ज्यांच्या नावात 'खाँ' आहे, त्यांचा क्रम पहिल्या नावावरून लावायचा. वरवर तांत्रिक गोष्ट. पण 'ब'मध्ये बडे गुलाम अली सापडले की वाचणाऱ्याला माणूस सापडतो. 'ख'मध्ये नुसती गर्दी सापडते.

नावांच्या सारखेपणाचे घोळ आणखी होते. किराण्याचे अब्दुल वहीद खाँ वेगळे आणि इमदादखानी घराण्याचे, सूरबहार-सतार वाजवणारे वहीद खाँ वेगळे. आग्र्याचे विलायत हुसेन खाँ गायक, आणि विलायत खाँ सतारिये. इंदूरचे अमीर खाँ, ज्यांच्या विलंबित ख्यालानं गाण्याची चालच बदलली, त्यांच्या नावाचा दुवा एका लेखात सरळ सिनेनट आमिर खानवर गेला होता. पुण्याच्या मुलीनं तो पकडला. एवढी हसली की चर्चापानावर नुसती हास्यचिन्हंच होती.

आता शीर्षकात लिहिलेल्या गोष्टीकडे येते. विश्वकोशी लेखात पहिल्यांदा पूर्ण नाव येतं, नंतर आडनाव. 'जोशी यांनी', 'मन्सूर यांनी'. हाच साचा लावून कुणीतरी लिहिलं, 'खान यांनी आपल्या वडिलांकडून शिक्षण घेतले. खान हे त्यांचे काका होते.' कोण खान, कुणाचे काका? दुसऱ्यानं दुरुस्ती केली आणि सगळीकडे 'अब्दुल' घातलं. 'अब्दुल यांनी पुण्यात शाळा काढली.' 'अब्दुल यांचा आवाज बारीक व सुरेल होता.' दुरुस्ती चांगल्या मनानंच केलेली होती.

मी चर्चापानावर लिहिलं की 'अब्दुल' हे नावच नाही. अब्द म्हणजे दास, बंदा. पुढचं 'उल' म्हणजे 'चा'. अब्दुल करीम म्हणजे करीमचा बंदा, आणि करीम, उदार, हे अल्लाहच्या नावांपैकी एक. 'अब्दुल' एवढंच म्हणणं म्हणजे 'रामदास'मधला नुसता 'दास' उचलून 'दास यांनी' म्हणण्यासारखं. शाळेत, ऑफिसात, बँकेच्या रांगेत असे अर्धे अब्दुल आपण रोज ऐकतो. माझ्या घरातही एक आहेत, आणि त्यांनी आयुष्यात कुणाला दुरुस्त केलं नाही. कोशात मात्र दुरुस्त करता येतं. आता लेखनसंकेतांत स्वतंत्र ओळ आहे: दुसऱ्या उल्लेखात 'अब्दुल करीम' असं जोडनाव पूर्ण लिहावं, 'अब्दुल यांनी' असं लिहू नये. बँकेतल्या गृहस्थांनी त्याच दिवशी सगळे लेख धुंडाळून ते काढले. वाद घातला नाही, कौतुक केलं नाही, फक्त बदलांच्या सारांशात लिहिलं: 'व्याकरण'. मला ते फार आवडलं.

मृत्यूच्या वाक्यांचंही असंच. हिंदू कलाकार 'कैलासवासी' किंवा 'स्वर्गवासी' होत आणि आपले 'पैगंबरवासी'. हा शब्द मराठी छापखान्यातच जन्मलेला असावा. आमच्या मोहल्ल्यात इंतकाल होतो, वफात होते, साधं 'गेले' असं होतं, पण पैगंबरवासी झालेलं मी कुणाला ऐकलं नाही. सगळ्यांना 'निधन झाले' हे एकच क्रियापद दिलं. आणि मिरजेत मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम यांची 'समाधी' होती, तिथे 'कबर' लिहिलं. त्यांचं निधन 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासजवळ सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनावर झालं, पुद्दुचेरीला जाताना. फलाटावर नमाज पढले, दरबारी गायले आणि गेले, असं सांगतात. हे कुठून आलं त्याचा संदर्भ देऊन 'सांगितले जाते' या शब्दांत ते लेखात आहे. तारीख आणि ठिकाण चौकटीत, नमाज आणि दरबारी मजकुरात. दोन्ही आपापल्या जागी.

सगळ्यात लांबलेला वाद चौकटीतल्या 'धर्म' या रकान्यावर झाला. आमची चौकट एका सर्वसाधारण 'व्यक्ती' साच्यावरून घेतलेली होती, त्यात हा रकाना आपोआप आला. सक्तीचा नव्हता. पण मी सहज पाहू लागले तर मुसलमान कलावंतांच्या चौकटीत तो बहुधा भरलेला आणि हिंदू कलावंतांच्या चौकटीत रिकामा. भरणाऱ्यांच्या मनात काही काळंबेरं होतं असं मला वाटत नाही. जे 'वेगळं' वाटतं ते नोंदवलं जातं, एवढंच. याचाच भाऊ म्हणजे 'असूनही'. 'मुस्लिम असूनही त्यांनी भजने गायली.' 'मुस्लिम असूनही मराठीवर त्यांचे प्रभुत्व होते.' हे दुसरं वाक्य अमर शेखांवरच्या लेखात होतं. बार्शीला जन्मलेला माणूस, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गावोगाव ज्याच्या आवाजानं मैदानं भरली, त्याचं मराठीवर प्रभुत्व कशाच्या 'असूनही' होतं? मी चर्चेत एवढंच विचारलं की मिरासाहेबांच्या उरुसात दर वर्षी इतके हिंदू गायक हजेरी लावतात, त्यांच्या लेखांत 'हिंदू असूनही दर्ग्यात गायले' असं कुठे आहे का? शोधून पाहिलं. नव्हतं.

सर म्हणाले, "पण ताई, ही कौतुकाची वाक्यं आहेत." मी म्हटलं, आहेत ना सर, म्हणूनच चिकटून बसतात. दोन आठवडे चाललं. एका नव्या सदस्यानं आम्ही धर्म लपवतोय असा सूर लावला. शेवटी रकाना काढला, आणि जिथे धर्माचा कलेशी खरा संबंध आहे तिथे तो मजकुरात सविस्तर यावा असं ठरलं. अब्दुल करीम यांची मिरासाहेबांवरची श्रद्धा, अल्लादिया खाँ यांच्या घराण्यात सांगितली जाणारी नाथ विश्वंभर या पूर्वजांची कथा, हे सगळं लेखांत आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. लपलं काहीच नाही.

जन्मनावाचा रकाना मात्र राहिला, आणि तिथे माझं मत सरांच्या विरुद्ध होतं. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही अब्दुल करीम आणि ताराबाई माने यांची मुलं. 1922 मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि नावं बदलली. सुरेशबाबू आधी अब्दुल रेहमान, हिराबाई चंपाकली, सरस्वतीबाई सकीना. सरांचं म्हणणं होतं, कुटुंबानं जे सोडलं ते आपण कशाला उकरायचं? मुद्दा हलका नव्हता. आई नाव बदलते तेव्हा तिच्याकडे कारणं असतात. म्हणून शीर्षक त्यांनी घेतलेल्या नावाचंच, मजकुरातही तेच. पण चौकटीत बालगंधर्वांसाठी 'नारायण श्रीपाद राजहंस' लिहिणार, बिस्मिल्ला खाँ यांच्यासाठी 'कमरुद्दीन' लिहिणार, अमर शेखांसाठी 'मेहबूब हुसेन पटेल' लिहिणार, आणि याच तिघांची जागा रिकामी ठेवणार, हे मला पटेना. नियम एक असला की कुणावर उपकारही होत नाही आणि कुणाचं झाकलंही जात नाही. आता तिथे 'सकीना' आहे, एका ओळीत, कुठल्याही टिप्पणीशिवाय. अल्लादिया खाँ यांच्या मुलांच्या बाबतीत हेच उलटं झालं: शीर्षक 'मंजी खाँ' आणि 'भूर्जी खाँ', कारण जग त्यांना या घरगुती नावांनीच ओळखतं, आणि चौकटीत बद्रुद्दीन आणि शमसुद्दीन.

पेशवाईतले शाहीर सगनभाऊ जेजुरीचे, धंद्यानं शिकलगार, मुसलमान. नावावरून कळत नाही, आणि लावण्या वाचून तर मुळीच नाही. त्यांचा लेख मी लिहिला तेव्हा शिकलगार या शब्दाला दुवा दिला, हत्यारांना धार लावणारे. तो शब्द मला मिरजेला घेऊन गेला. मिरजेची सतार आणि तंबोरे करणारी घराणी मूळची शिकलगारच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांचं काम आटलं तेव्हा तोच हात वाद्यांकडे वळला. पंढरपूरकडचे भोपळे, मिरजेची कारागिरी, आणि देशभरच्या मैफलींत मागे बसलेला तंबोरा. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा कुठे वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने आले आणि आम्हाला देता येतील असे संदर्भ मिळाले.

सध्या मी त्याच लेखावर आहे, अजून धूळपाटीवर. अडचण पुन्हा नावाचीच. पहिले कारागीर म्हणून ज्यांचं नाव घेतात ते फरीदसाहेब कुठे 'शिकलगार' आहेत, कुठे 'सतारमेकर'. आज तिथल्या कुटुंबांचं आडनावच सतारमेकर झालंय आणि गल्लीचंही. मग 'सतारमेकर' हा वर्ग व्यवसायाचा करायचा की आडनावाचा? सरांना विचारलंय. ते म्हणतात, दोन्ही करा आणि एकमेकांना दुवा द्या. बँकेतल्या गृहस्थांचं म्हणणं, आधी तंबोरा की तानपुरा ते एकदाचं ठरवा. तोवर फरीदसाहेबांचं नाव लेखात लाल अक्षरांत आहे. लाल म्हणजे या नावाचं पान अजून कुणी लिहिलेलं नाही. मिरजेकडच्या वाचकांपैकी कुणाकडे छापील काही असेल, जुनी जाहिरात, बिल, एखाद्या गायकानं लिहिलेलं पत्र, तर कळवा. मी पुढच्या महिन्यात तिकडे येतेच आहे.