समुद्राकाठचा शेजार

आमच्या सौंसरच्या परिसराचे पाणी समुद्रास मिळते, पण पूर्वेच्या. कन्हान वैनगंगेत, वैनगंगा प्राणहितेत आणि प्राणहिता गोदावरीत, असा त्याचा प्रवास. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले, सौंसर मध्य प्रदेशात राहिले. कोकणचा समुद्र आम्हांस पुस्तकांतूनच ठाऊक. तो पाहावा म्हणून तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही सपत्नीक गणपतीपुळ्यास गेलो व एका घरगुती निवासात उतरलो.

येथे डोंगरच देवस्वरूप मानलेला. म्हणून प्रदक्षिणा सबंध डोंगराला घालावयाची. जवळच केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड. या दोन्ही वाटांवर शेजारच्या खोल्यांतील मंडळी आमच्यासंगे होती. एक वृद्ध दांपत्य, गायकवाडांच्या काळापासून बडोद्यास स्थायिक झालेल्या घराण्यातले. दुसरी लातूरकडील तरुण परिचारिका, आईला समुद्र दाखवावयास आलेली. पंक्तीत यजमानीणबाई सोलकढी वाढीत, आम्ही पिशवीतली संत्री काढीत असू. आमच्या वऱ्हाडी वळणाच्या बोलीस बडोद्याचे आजोबा हसत, त्यांच्या गुजराती हेलास आम्ही.

तिसऱ्या रात्री आजोबांच्या छातीत कळ उठली. मुले परदेशी. परिचारिकेने नाडी पाहिली, त्यांना टेकून बसविले आणि "आता थांबणे नको," एवढेच म्हणाली. यजमानांनी गाडी काढली. आरे-वारेच्या अंधाऱ्या किनाऱ्याने रत्नागिरी सुमारे २५ किलोमीटर. तेवढा वेळ सौभाग्यवतींनी आजींचा हात सोडला नाही.

रुग्णालयात कागद भरताना 'रुग्णाशी नाते' असा रकाना आला. आजींचा हात थरथरत होता; लेखणी आमच्याकडे आली. आप्त म्हणावे तर नव्हतो, स्नेही म्हणावे तर ओळख तीन दिवसांची. आम्ही 'शेजारी' असे लिहिले. कारकुनाने दोन्ही पत्ते वाचून विचारले, "सौंसर आणि बडोदे, हे शेजारी कसे?" परिचारिका म्हणाली, "भिंत एकच आहे."

आजोबा बचावले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना रक्ताची माणसे हाकेच्या अंतरावर क्वचितच असतात. पण एका पंक्तीस जेवलेला माणूस रात्री दार ठोठावल्यावर उठतो, हे आम्ही तेथे पाहिले.

आता आंबिया बहार उतरला की संत्र्यांची एक पेटी बडोद्यास व एक लातूरकडे जाते. आजोबांचे उत्तर न चुकता येते. मायना ठरलेला असतो : 'शेजारीबुवांस सप्रेम नमस्कार.'